सेलची क्षमता घटली: कॅथोडवर आळ घेण्याआधी काय तपासायचं

चार्ज-डिस्चार्जच्या दोनशे फेऱ्यांनंतर क्षमतेचा आलेख खाली झुकलेला दिसला, की बॅटरीच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांच्या वहीत हमखास एक वाक्य येतं: ‘कॅथोडची झीज झाली.’ माझ्याही वहीत ते होतं. त्या वाक्यावर विसंबून मी तीन आठवडे पावडरीवर नाना लेप चढवून पाहिले. शेवटी सेल उघडला तेव्हा कळलं की कॅथोड ठणठणीत होता, लिथियम गिळलं होतं समोरच्या ग्रॅफाइटने.

लिथियम-आयन सेलमधला कॅथोड झिजतो, यात शंका नाही. तो का झिजतो याची कारणंही आता बऱ्यापैकी माहीत आहेत. पण ती कारणं पाठ करून उपयोग होत नाही. आपल्या हातातल्या सेलमध्ये त्यांतलं कोणतं लागू आहे, आणि मुळात कॅथोडचं काही बिघडलंय का, हे ठरवता आलं पाहिजे. ज्यांनी नुकताच पहिला कॉइन सेल बांधला आहे किंवा लवकरच बांधणार आहेत, त्यांच्यासाठी हा क्रम लिहितोय. क्रम मोडू नका. पुढच्या पायरीचा खर्च नेहमी मागच्या पायरीपेक्षा जास्त असतो.

आधी दोन ओळींत: कॅथोडमध्ये चालतं काय

चार्ज करताना कॅथोडमधून लिथियमचे आयन निघून ग्रॅफाइटमध्ये जातात. विद्युतभार जुळावा म्हणून कॅथोडमधलं कोबाल्ट, निकेल किंवा लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं. डिस्चार्जला सगळं उलट होतं. लिथियम उठून गेल्यावर उरलेला सांगाडा तसाच उभा राहिला पाहिजे आणि परत आलेल्या लिथियमला तीच जागा मिळाली पाहिजे, कॅथोडकडून अपेक्षा एवढीच. झीज म्हणजे या दोनपैकी एक गोष्ट न होणं.

पायरी १: कॅथोड कोणत्या घराण्यातला आहे ते बघा

प्रत्येक घराण्याचे रोग वेगळे. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा सगळ्यांत जुना. जॉन गुडइनफ यांच्या गटाने तो १९८० मध्ये ऑक्सफर्डला दाखवला आणि सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन सेलमध्ये तोच होता. त्याची रचना थरांची: ऑक्सिजन आणि कोबाल्टची एक पाटी, मध्ये लिथियम, पुन्हा पाटी. कोबाल्टच्या बऱ्याचशा जागा निकेल आणि मँगनीजला दिल्या की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) होतो. ‘८११’ म्हणजे निकेल आठ भाग, मँगनीज आणि कोबाल्ट एकेक. थरांचा सांगाडा तोच, पण जितकं निकेल जास्त तितकी क्षमता जास्त आणि तितकाच स्वभाव चिडका.

मँगनीजचा स्पिनेल, म्हणजे लिथियम मँगनीज ऑक्साइड, यात लिथियमला तिन्ही दिशांनी वाटा मोकळ्या असतात. स्वस्त आणि वेगवान, पण गरम इलेक्ट्रोलाइटमध्ये (आयन वाहून नेणाऱ्या द्रवात) विरघळण्याची खोड. आणि १९९७ मध्ये पुढे आलेला लिथियम आयर्न फॉस्फेट. त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की तो सहसा सुटत नाही. तुमच्या सेलमध्ये हा शेवटचा असेल आणि क्षमता घटत असेल, तर माझी पैज आधी लिथियमच्या हिशोबावर, कॅथोडवर नाही.

पावडर कुठे आणि कशी ठेवली होती तेही याच वेळी विचारा. जास्त निकेलचा एनएमसी उघड्या हवेत राहिला, तर हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्या पृष्ठभागावरचं लिथियम ओढून घेतात. वर लिथियम कार्बोनेट आणि लिथियम हायड्रॉक्साइडची पुटं चढतात. स्लरी, म्हणजे फॉइलवर लावायचा पावडरीचा लगदा, ढवळताना ती अचानक जेलीसारखी घट्ट झाली, तर समजा की पावडर आधीच आजारी आहे: हायड्रॉक्साइडमुळे अल्कलीपणा वाढतो आणि पीव्हीडीएफ हा बाइंडर, म्हणजे कण चिकटवून ठेवणारा पदार्थ, बिघडतो. असा सेल पुढे लवकर पडला, तर त्याचं खापर चार्जिंगवर फोडू नका.

पायरी २: किती लिथियम बाहेर काढताय ते मोजा

२६,८०१ या आकड्याला पदार्थाच्या रेणुभाराने भागलं, की दर रेणूमागे एक लिथियम धरून ग्रॅममागे मिलीअँपिअर-तासांत सैद्धांतिक क्षमता मिळते. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा रेणुभार ९७.८७, म्हणून क्षमता सुमारे २७४. आयर्न फॉस्फेटचा १५७.७६, म्हणून सुमारे १७०. एनएमसी ८११ ची सुमारे २७५.

आता प्रत्यक्षात मिळालेली क्षमता या आकड्याशी ताडून बघा. कोबाल्ट ऑक्साइड पूर्वापार १४० च्या आसपास वापरला गेला, म्हणजे जेमतेम अर्धं लिथियम बाहेर. ८११ मधून ४.३ व्होल्टपर्यंत सुमारे २०० मिळतात, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश लिथियम बाहेर. आयर्न फॉस्फेट तर जवळजवळ सगळं लिथियम देतो आणि तरी टिकतो, कारण रिकामा सांगाडाही त्याचा स्वतःचा स्थिर असतो. ‘४.३ व्होल्ट जास्त की कमी’ हा प्रश्न अर्धवट आहे. त्या व्होल्टेजला या पदार्थातून किती लिथियम गेलेलं असतं, हे विचारायचं.

इथे एक सापळा आहे आणि त्यात सगळेच एकदा पडतात. अर्ध्या सेलमधले, म्हणजे समोर ग्रॅफाइटऐवजी लिथियम धातूची चकती असलेल्या सेलमधले, ४.३ व्होल्ट लिथियम धातूच्या तुलनेत मोजलेले असतात. पूर्ण सेलमध्ये समोर ग्रॅफाइट असतं, आणि भरलेलं ग्रॅफाइट लिथियमपेक्षा साधारण ०.१ व्होल्ट वर बसतं. म्हणून पूर्ण सेलचे ४.२ म्हणजे कॅथोडच्या दृष्टीने ४.३. दोन आलेख एकमेकांवर ठेवताना हा फरक विसरला, तर एक सेल उगाच जास्त टिकाऊ दिसतो.

पायरी ३: पहिला फेरा हिशोबातून बाजूला काढा

थरांच्या कॅथोडमध्ये पहिल्या चार्जला जेवढं लिथियम जातं, तेवढं पहिल्या डिस्चार्जला परत येत नाही. अर्ध्या सेलमध्येही दहा-पंधरा टक्क्यांची तूट पडते. ही झीज नव्हे. डिस्चार्जच्या शेवटी जागा जवळजवळ भरल्या की लिथियमची आतली हालचाल फार मंदावते आणि व्होल्टेज आधीच तळाला टेकतं. खालच्या व्होल्टेजला सेल बराच वेळ धरून ठेवा, त्यातलं पुष्कळसं लिथियम हळूहळू आत शिरताना दिसेल. म्हणून तुलना तिसऱ्या किंवा पाचव्या फेऱ्यापासून सुरू करा, आणि कोणत्या फेऱ्यापासून केली ते आलेखाखाली लिहा.

पायरी ४: सावकाश फेरा घालून बघा

सगळ्यांत स्वस्त चाचणी हीच आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारीही हीच, कारण तिच्यात यंत्राचे दोन दिवस जातात. दर पन्नास फेऱ्यांनंतर एक फेरा सी/२० वेगाने घाला, म्हणजे चार्जला वीस तास आणि डिस्चार्जला वीस तास. तापमान तेच ठेवा. खिडकीजवळचा सेल आणि कपाटातला सेल यांची तुलना होऊ शकत नाही.

सावकाश फेऱ्यात हरवलेली क्षमता परत आली, तर ती हरवली नव्हतीच. सेलचा अंतर्गत रोध वाढला होता, त्यामुळे वेगाने चार्ज करताना वरचं व्होल्टेज लवकर गाठलं जात होतं आणि आत लिथियम शिल्लक असतानाच यंत्र थांबत होतं. सावकाश फेऱ्यातही क्षमता आली नाही, तर खरोखर काहीतरी गेलं आहे: एकतर फिरणारं लिथियम, नाहीतर कॅथोडमधल्या जागा.

रोध वाढलाय असं दिसलं तरी कॅथोडचं नाव घेण्याची घाई नको. अर्ध्या सेलमध्ये समोर लिथियमची चकती असते. शंभरेक फेऱ्यांत ती शेवाळासारखी फुगते, इलेक्ट्रोलाइट पिते आणि तिचाच रोध वाढत जातो. अर्ध्या सेलवर पाचशे फेऱ्यांचा आलेख काढून कॅथोडच्या टिकाऊपणाचा निकाल देणारे लेख मी आता फार सावधपणे वाचतो. त्या आलेखात कॅथोड किती आणि चकती किती, हे वेगळं काढता येत नाही.

इम्पिडन्स, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांना सेलचा रोध, मोजायची सोय असेल तर मोजा, पण दरवेळी त्याच व्होल्टेजला, त्याच तापमानाला आणि तेवढीच विश्रांती देऊन. आलेखाची डावीकडची सुरुवात इलेक्ट्रोलाइट आणि जोडण्यांचा रोध सांगते, मधलं अर्धवर्तुळ पृष्ठभागावरून आयन-इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीचा, आणि उजवीकडची तिरपी शेपटी आतल्या विसरणाचा. मधलं अर्धवर्तुळ फेऱ्यागणिक फुगत असेल, तर पृष्ठभागावर संशय. तो पृष्ठभाग कोणाचा हे दोन टोकांच्या सेलमधून कळत नाही. तिसरा, संदर्भाचा इलेक्ट्रोड असलेला सेल बांधायला वेळ लागतो, पण उत्तर तोच देतो.

पायरी ५: लिथियम हरवलं की जागा हरवल्या?

सगळ्या लेखातली ही मधली गाठ आहे. पूर्ण सेलमध्ये फिरणारं सगळं लिथियम कॅथोडमधूनच आलेलं असतं. जादा साठा नसतो. ग्रॅफाइटवर जो संरक्षक पापुद्रा बनतो, तो दर फेऱ्याला थोडं थोडं लिथियम खातो. परत येताना कॅथोडमधल्या काही जागा रिकाम्या राहतात, पण त्या जागा धडधाकट असतात. पाहुणेच कमी आले, तर खोल्या मोडल्या असं म्हणता येणार नाही.

कूलॉम कार्यक्षमता, म्हणजे डिस्चार्जला परत आलेला भार भागिले चार्जला गेलेला भार, इथे कामाला येते. पूर्ण सेलमध्ये दर फेऱ्याला ९९.९ टक्के परत येत असेल, तर ऐकायला छान वाटतं. पण ०.९९९ चा हजारावा घात सुमारे ०.३७ आहे. हजार फेऱ्यांनंतर ९० टक्के हवे असतील, तर कार्यक्षमता ९९.९९ लागते. तो शेवटचा नऊ मोजायला यंत्रही तितकं अचूक हवं. साध्या यंत्रावर मिळालेल्या चौथ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. अर्ध्या सेलमध्ये हा हिशोब लागूच होत नाही, कारण लिथियमची चकती तूट भरून काढत राहते.

दुसरं हत्यार म्हणजे व्होल्टेजमागे क्षमतेच्या बदलाचा आलेख, ज्याला सगळे ‘डीक्यू-डीव्ही’ म्हणतात. चार्जच्या सपाट भागांचे त्यात उंचवटे दिसतात. ८११ मध्ये ४.२ व्होल्टच्या आसपास एक ठळक उंचवटा असतो, त्याच्यावर नजर ठेवा. उंचवटा जागेवरून सरकला पण त्याखालचं क्षेत्रफळ तेवढंच राहिलं, तर रोध वाढलाय. क्षेत्रफळच आटत चाललं, तर कॅथोडच्या जागा कमी होताहेत असं मानायला आधार मिळतो. हा आलेख सावकाश फेऱ्यावरूनच काढा. वेगाच्या फेऱ्यात उंचवटे विरघळून एकमेकांत मिसळतात आणि मग वाचणाऱ्याला हवं ते दिसतं. पूर्ण सेलमध्ये ग्रॅफाइटचे उंचवटेही त्यातच मिसळलेले असतात, तेही ध्यानात ठेवा.

एक नाजूक गोष्ट. लिथियम कमी झालं की ग्रॅफाइट पूर्ण भरत नाही, म्हणून चार्जच्या शेवटी त्याचं व्होल्टेज किंचित वर राहतं. सेलचं एकूण व्होल्टेज यंत्राने बांधलेलं असतं, त्यामुळे कॅथोडला किंचित जास्त वर जावं लागतं. म्हणजे ग्रॅफाइटच्या खादाडपणाची शिक्षा हळूहळू कॅथोडलाही मिळते. दोन्ही दोष एकाच सेलमध्ये सापडले तर नवल वाटून घेऊ नका.

पायरी ६: सेल उघडा, पण शिस्तीत

इथपर्यंत आल्यावरच सेल उघडायचा. आधी तो खालच्या व्होल्टेजपर्यंत पूर्ण डिस्चार्ज करा. भरलेल्या सेलमधलं लिथियमयुक्त ग्रॅफाइट हवेत पेट घेऊ शकतं. इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटचा पाण्याशी संबंध आला की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं, आणि ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं. आर्गॉन भरलेला ग्लव्हबॉक्स, पाणी आणि ऑक्सिजन दशलक्षांत एक भागाच्या खाली, दोन टोकं जोडली जाणार नाहीत अशी हत्यारं, आणि पहिल्या वेळी शेजारी अनुभवी माणूस. यात काटकसर नाही.

कॅथोड बाहेर काढून डायमिथाइल कार्बोनेटमध्ये थोडक्यात खळबळून घ्या, म्हणजे सुकल्यावर इलेक्ट्रोलाइटमधल्या मिठाचे डाग राहणार नाहीत. फार वेळ बुडवलं तर पृष्ठभागावरचं जे बघायचं तेच धुतलं जातं. फॉइलच्या दोन्ही बाजूंना लेप असेल तर एक बाजू पुसून घ्या. मग गोल चकती कापून ताजं लिथियम आणि ताजं इलेक्ट्रोलाइट घालून नवा अर्धा सेल बांधा आणि सी/२० वेगाने एक फेरा घाला.

त्या एका फेऱ्यात दोन आकडे मिळतात आणि दोन्ही वहीत वेगळे लिहा. पहिला चार्ज सांगतो की जुन्या सेलमधून निघताना कॅथोडमध्ये लिथियम किती शिल्लक होतं. त्यानंतरचा डिस्चार्ज सांगतो की भरपूर लिथियम मिळाल्यावर कॅथोड किती सामावून घेऊ शकतो, म्हणजे किती जागा जिवंत आहेत. समजा ताज्या कॅथोडची क्षमता २०० होती आणि जुना पूर्ण सेल १६० देत होता. पहिला चार्ज १६४ आला आणि नंतरचा डिस्चार्ज १९६, तर जागा जवळजवळ सगळ्या शाबूत आहेत आणि चोर ग्रॅफाइटच्या बाजूला आहे. डिस्चार्जही १६५ वरच अडकला, तर आता खुशाल म्हणा: कॅथोड झिजला. माझ्या त्या तीन आठवड्यांचं उत्तर या एका फेऱ्यात होतं.

पायरी ७: कोणता रोग ते ओळखा

*पृष्ठभाग पालटणं.* निकेलच्या कॅथोडचा हा मूळ रोग. द्विसंयुजी निकेल आयनाची त्रिज्या ०.६९ अँगस्ट्रॉम आणि लिथियमची ०.७६, म्हणजे मापं जवळपास सारखी. चार्जला लिथियमच्या खोल्या रिकाम्या झाल्या की शेजारचं निकेल सरकून तिथे बसतं आणि मग हलत नाही. जोडीला पृष्ठभागावरून ऑक्सिजन निसटतो. थरांची रचना आधी स्पिनेलसारखी होते, मग मिठाच्या स्फटिकासारखी, जिच्यात लिथियमला वाटच नसते. हे कवच बहुधा काही नॅनोमीटरच जाड असतं, पण आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक आयनाला त्यातूनच जावं लागतं.

ऑक्सिजन कधी निसटायला लागतो? ८११ मध्ये साधारण ४.३ व्होल्टला, तर तिन्ही धातू समान असलेल्या १११ मध्ये ४.७ च्या आसपास. आकडे दूर वाटतात, पण दोन्ही ठिकाणी लिथियम जवळपास सारखंच, सुमारे ८० टक्के, बाहेर गेलेलं असतं. पायरी २ वर इतका वेळ का घालवला ते इथे लक्षात येईल. सुटणारा काही ऑक्सिजन ‘सिंगलेट’ या अतिक्रियाशील रूपात असतो. तो इलेक्ट्रोलाइटला जाळतो, त्यातून वायू आणि पाणी बनतं, आणि पाण्यातून पुन्हा आम्ल.

खूण: मधलं अर्धवर्तुळ फुगतं, वेगाच्या फेऱ्यात क्षमता पडते, सावकाश फेऱ्यात बरीचशी परत येते. क्ष-किरण विवर्तनात यातलं काही दिसेलच असं नाही, कारण ते सगळ्या कणाची सरासरी सांगतं. कवच बघायला पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी लागतो. विवर्तनातल्या ००३ आणि १०४ या शिखरांचं गुणोत्तर १.२ च्या वर असेल तर निकेल-लिथियमची सरमिसळ कमी, असा एक ठोकताळा आहे. तो ताज्या पावडरीपुरता ठीक. दाबलेल्या इलेक्ट्रोडमध्ये कण एका अंगावर पडलेले असू शकतात आणि मग गुणोत्तर फसवतं.

*तडे जाणं.* नेहमीच्या एनएमसीचा एक कण म्हणजे दहाएक मायक्रॉनचा गोळा, आणि तो शेकडो बारीक स्फटिकांचा बनलेला असतो. लिथियम जायला लागलं की समोरासमोरच्या ऑक्सिजनच्या पाट्या एकमेकींना ढकलतात आणि थरांमधलं अंतर वाढतं. बरंच लिथियम गेलं की ऑक्सिजनवरचा ऋणभार ओसरतो, आणि तेच अंतर अचानक आकुंचन पावतं. ८११ मधला ४.२ व्होल्टचा तो उंचवटा म्हणजे हाच क्षण. शेजारशेजारच्या स्फटिकांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळे एक ज्या दिशेने आक्रसतो, त्या दिशेने दुसरा आक्रसत नाही. मग सांध्यांवर ताण येऊन गोळा फुटतो.

नुसत्या तड्याने एवढं बिघडत नाही. तड्यातून इलेक्ट्रोलाइट आत शिरतं आणि आतापर्यंत झाकलेल्या पृष्ठभागावर वरचा पहिला रोग सुरू होतो. काही स्फटिकांचा इलेक्ट्रॉनशी संबंधच तुटतो आणि ते लिथियमसकट किंवा लिथियमविना अडकून बसतात. अशा जागा सावकाश फेऱ्यातही परत येत नाहीत. आर्गॉनच्या आयन झोताने इलेक्ट्रोडचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शीखाली बघा, आणि जमल्यास चार्ज अवस्थेतला छेद बघा, कारण डिस्चार्जला तडे मिटतात आणि कण साळसूद दिसतो. तुलनेला एकही फेरा न घातलेला इलेक्ट्रोड ठेवाच. रोलरखाली दाबतानाच कण फुटलेले असतात, आणि त्यांचा दोष बिचाऱ्या फेऱ्यांवर जातो.

*विरघळणं.* मँगनीज त्रिसंयुजी अवस्थेत अस्वस्थ असतं. दोन आयनांपैकी एक चतुःसंयुजी होऊन जागेवर राहतो आणि दुसरा द्विसंयुजी होऊन इलेक्ट्रोलाइटमध्ये उतरतो. आम्ल असेल तर हे वेगाने होतं. आम्लाने ऑक्साइड खाल्लं की पाणी सुटतं, आणि पाण्याने इलेक्ट्रोलाइटमधल्या मिठातून पुन्हा आम्ल बनतं, असं ते स्वतःलाच पोसत राहतं. ५५-६० अंशांवर स्पिनेलचा सेल लवकर आटोपतो तो यामुळे.

गंमत अशी की कॅथोडमधून गेलेलं मँगनीज वजनाने अगदी थोडं असतं. ते ग्रॅफाइटवर जाऊन बसतं, तिथला पापुद्रा बिघडवतं आणि पापुद्रा नव्याने बनवताना आणखी लिथियम खर्ची पडतं. म्हणून पायरी ६ मधला निकाल ‘जागा शाबूत, लिथियम गायब’ असा येतो आणि कॅथोड निर्दोष सुटतो. तो निकाल आला आणि कॅथोडमध्ये मँगनीज असेल, तर ग्रॅफाइट आम्लात विरघळवून त्यातले धातू मोजून घ्या. ग्रॅफाइटमध्ये मँगनीज सापडलं तर चोर तिकडे पण त्याला आत घेणारा इकडचा.

बाकीचे थोडक्यात. कोबाल्ट ऑक्साइडला ४.५ व्होल्टच्या पुढे नेलं तर थर एकमेकांवरून घसरून रचना बदलते. लिथियम जादा असलेल्या मँगनीजच्या कॅथोडमध्ये क्षमता ठीक दिसते, पण सरासरी व्होल्टेज फेऱ्यागणिक उतरत जातं, म्हणून क्षमतेशेजारी ऊर्जाही मांडा. आणि कधी कधी पदार्थ शाबूत असतो, लेपच फॉइलपासून सुटलेला असतो. हे डोळ्यांनी दिसतं, फक्त बघायचं असतं.

पायरी ८: रोगाप्रमाणे औषध

पृष्ठभाग पालटत असेल तर लेप उपयोगी: अ‍ॅल्युमिनाचा काही नॅनोमीटरचा थर, किंवा स्फटिकाच्या जाळीतच थोडं अ‍ॅल्युमिनियम, झिर्कोनियम किंवा टंगस्टन. तडे जात असतील तर वरचा लेप फारसा वाचवत नाही, कारण तडा आतून उघडतो. तिथे एकस्फटिकी कण बघा, किंवा सरळ वरचं व्होल्टेज ०.१ ने कमी करा. दहाएक टक्के क्षमता जाईल आणि आयुष्य अनेकदा त्याहून कितीतरी वाढेल. विरघळत असेल तर स्पिनेलमधल्या मँगनीजच्या काही जागा अ‍ॅल्युमिनियमला द्या, पाणी हटवा, इलेक्ट्रोड निर्वातात नीट वाळवा, आणि भरलेला सेल गरम जागी पडून राहू देऊ नका. भरून नुसता ठेवलेला सेलही झिजतो, कधी कधी फिरणाऱ्यापेक्षा जास्त.

लेपाचा प्रयोग करणार असाल, तर एक नमुना असा ठेवा की ज्याला लेप सोडून बाकी सगळं मिळालंय: तोच द्रावक, तितकंच ढवळणं, त्याच भट्टीत तितकेच तास. पुष्कळदा लेपाचं श्रेय भट्टीचं असतं. पृष्ठभागावरचं कार्बोनेट तापवल्याने किंवा धुतल्याने गेलेलं असतं, आणि लेप आयताच नाव कमावतो. प्रत्येक नमुन्याचे निदान तीन सेल बांधा. तिन्ही आलेख छापा, सगळ्यांत सुंदर असलेला एकटा नको.